स्वस्त पौष्टिक अन्नासाठी व्यापाऱ्याला सोबत कसं घ्यायचं? आधी त्याच्या गल्ल्यामागं बसा

प्रश्न असा आहे: "उत्तर नागपुरातल्या चार वस्त्यांत आमची छोटी संस्था काम करते. रेशन आहे, अंगणवाडी आहे, तरी घरच्या ताटात डाळ, भाजी, अंडं कमीच दिसतं. यात खासगी व्यवसायांना ओढायचं आम्ही ठरवलंय. दोन कंपन्यांकडे जाऊन आलो. दोन्हीकडे 'मार्चमध्ये या, पोषण किट वाटू' एवढंच ऐकायला मिळालं. किराणा दुकानदार तर ऐकूनच घेत नाहीत. सुरुवात कुठून करावी?"

यातली खरी गोष्ट तुम्ही शेवटी टाकलीत. किराणावाला ऐकून का घेत नाही, हे आधी शोधा. कंपन्या कुठं पळून जात नाहीत.

मी आधी रुग्णालयात आहारतज्ज्ञ होते, मग वीसेक वर्षं वस्त्यांमधून काम केलं. त्यातली पहिली काही वर्षं मी तुमच्यासारखीच तक्ते घेऊन दुकानं पालथी घातली. माझी फजिती सांगते, म्हणजे तुमचं एक वर्ष वाचेल. एका बचत गटाकडून आम्ही सातूचं पीठ करवून घेतलं होतं. चव छान, भाव वाजवी, पाकिटावर प्रथिनांचा आकडा. नऊ दुकानांत ठेवलं. पावसाळा संपता संपता हिशेब घ्यायला गेले तर वाठोड्याकडच्या एका दुकानदारानं फळीखालून खोका काढून माझ्यासमोर ठेवला. पिठाला जाळी धरली होती.

"पीठ तुमचं चांगलंच आहे जी," तो म्हणाला, "पण हे खराब झालं तर भरून कोण देते? तो चिप्सवाला पोरगा दर मंगळवारी येते, जुना माल काढून नेते, नवी लडी टांगून देते. तुम्ही तर दोन महिन्यांनी दिसून राहिल्या."

मी काही बोलले नाही. त्याच्याच स्टुलावर तासभर बसले. शाळा सुटली होती. पोट्टे पाच-पाचची नाणी घेऊन येत होते आणि तो न उठता, हात वर करून लडीतलं एक पाकीट फाडून देत होता. तोलायचं नाही, पुडी बांधायची नाही, भावाची घासाघीस नाही. मध्येच एकानं फुटाणे मागितले. दुकानदार उठला, डबा उघडला, काट्यावर घातले, कागद फाडला, पुडी वळली. फुटाणे सादळलेले होते. पोरानं एक तोंडात टाकला आणि पुडी परत केली. ते नुकसान कोणाचं? दुकानदाराचंच.

पौष्टिक वस्तू गरिबाच्या दुकानात का टिकत नाही, याचं उत्तर मला त्या तासाभरात मिळालं. त्यात अज्ञानाचा भाग थोडा, जोखमीचा फार. चिप्सच्या पाकिटात जोखीम कंपनीची. फुटाणे, डाळ, पालेभाजी, अंडी यांत ती त्या आठ बाय दहाच्या दुकानात बसलेल्या माणसाची. खासगी व्यवसायाला सोबत घ्यायचं म्हणजे ही जोखीम कोणी उचलायची ते ठरवायचं. माझ्या मते बाकी सगळं त्यानंतर येतं.

पुढच्या खेपेला आम्ही खारे फुटाणे-शेंगदाण्याची पाच रुपयांची पाकिटं केली, लडीतच. आठवड्याचा वार ठरवला आणि न विकलेलं पाकीट बिनशर्त परत घेतलं. परत येणाऱ्या मालाचा खर्च पहिल्या दिवसापासून किमतीत धरला. पाकिटावर आधी 'लोह व प्रथिनयुक्त' छापलं होतं, ते काढून टाकलं. एक तर असे दावे करायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे नियम आहेत, आणि दुसरं म्हणजे ते वाचून पोरांना औषध वाटत होतं. 'खारे फुटाणे' एवढंच ठेवलं. चालले. चिप्सना हरवलं वगैरे काही नाही, पण लडीशेजारी लडी टांगली गेली आणि ती दुकानदारानं स्वतः टांगली.

आता डाळीकडे वळू, कारण तुमच्या वस्त्यांमधला मोठा खड्डा तिथं आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना पाच किलो धान्य मिळतं, १ जानेवारी २०२३ पासून तेही मोफत. पोट भरायचा प्रश्न त्यानं बराच हलका केला, पण त्यात डाळ नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या आहारात डाळी-कडधान्यांचा वाटा ८५ ग्रॅम धरला आहे. आणि रोजमजुरीवरची बाई संध्याकाळी दुकानात येते ती 'दहाची डाळ' मागायला. समजा किलोचा भाव १२० आहे. सरळ हिशेबानं दहा रुपयांत ८३ ग्रॅम यायला हवी. म्हणजे पाच माणसांच्या घराची पुडी एका माणसाच्या वाट्याएवढीही भरत नाही. एका संध्याकाळी आम्ही तीन दुकानांतून अशा पुड्या विकत घेऊन तोलल्या. ६५ ते ७० ग्रॅम भरल्या. लगेच दुकानदाराला चोर ठरवू नका. पुडीचा कागद, वेळ, आणि त्या बाईची शनिवारपर्यंतची उधारी, हे सगळं तो त्या पंधरा ग्रॅममध्ये वसूल करतो.

यावर आम्हाला वाट सापडली ती कळमना बाजाराजवळच्या चिखली ले-आउटमध्ये, डाळ गिरण्यांत. तूर फोडली की अख्खी फोड वेगळी होते, तुकडा वेगळा आणि चुनी वेगळी. तुकड्याला गिरणीवाले खंडा म्हणतात. प्रथिनं फोडीत असतात तेवढीच खंड्यात, शिजायला तो लवकर, म्हणजे गॅसही कमी, आणि भाव बराच खाली. फक्त दिसायला बरा नाही. एका मालकाला विचारलं, खंडा कुठं जातो? "ढेपवाल्याकडे, गुरांच्या खाण्यात. नाहीतर बेसनात." मी त्याला गरिबांबद्दल एक वाक्यही ऐकवलं नाही. आठवड्याला ठरावीक पोती उचलू, रोख देऊ, चाळणी एक जास्तीची मारून द्या, एवढंच सांगितलं. तो ढेपवाल्याला पंधरा दिवसांच्या उधारीवर देत होता. रोख ऐकल्यावर चहा आला.

इथं दोन खाचा आहेत. पहिली कराची. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळ-धान्यावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. तुमच्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याला पाव किलोची सुंदर पाकिटं करावीशी वाटतील. करू नका. आम्ही ३० किलोचं पोतं दुकानापर्यंत नेतो आणि दुकानदाराला १०० ग्रॅमचं स्टीलचं माप देतो. भाव रोज पाटीवर खडूनं लिहायचा: 'एक माप इतके रुपये'. काट्यावरचा वेळ वाचतो, आणि बाईला डोळ्यांनी दिसतं की माप भरलं. दुसरी खाच लाखोळीची. विदर्भाला लाखोळी डाळ नवी नाही. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती, ती ही डाळ सतत आणि भरपूर खाल्ल्यानं येणाऱ्या पांगळेपणाच्या भीतीनं. आता कमी विषद्रव्याच्या जाती आल्या आहेत, तो वाद मी इथं काढत नाही. पण तुकड्यात मिसळलेली लाखोळी डोळ्यांनी ओळखणं अवघड असतं. म्हणून ज्या गिरणीत त्याच यंत्रावर लाखोळी चालते तिथला खंडा घेऊ नका, आणि दर हंगामात एकदा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्या. त्याचा खर्च कंपनीकडून मागायला हरकत नाही, कारण असल्या खर्चाला कोणी देणगीदार मिळत नाही आणि तो लागतोच.

अंड्याचं सगळ्यात सोपं. त्यात भेसळ होत नाही, एकेक विकता येतं आणि राष्ट्रीय अंडी समन्वय समिती नागपूरचा भाव रोज जाहीर करते. अडचण फक्त मे महिन्याची. पंचेचाळीस अंशांत पत्र्याच्या दुकानात कोणी जास्तीचे ट्रे ठेवत नाही. पुरवठादाराशी बोलून उन्हाळ्यात दोन दिवसाआड अर्धे ट्रे ठरवून घ्या, पुरे.

भाजीचं मात्र मला नीट जमलं नाही, हे कबूल करते. कळमन्यात पहाटे हर्रास होतो, माल ठोकवाल्याकडून चिल्लरवाल्याकडे जातो, आणि आठवडी बाजारात रात्री आठनंतर वाटे लागतात: दहा रुपयाला वांग्यांचा वाटा, पाच रुपयाला सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, मलूल जुडी. आपल्या बायका नेमक्या त्याच वेळी जातात, कारण मजुरीही तेव्हाच हातात पडते. आम्ही उरलेला माल संध्याकाळी सहालाच वस्तीत नेणारी हातगाडी करून पाहिली. आठवड्याभरात बाजारातल्या विक्रेत्यांनी हरकत घेतली. त्यांचं बरोबर होतं. आम्ही त्यांचंच शेवटचं गिऱ्हाईक पळवत होतो. आज केलं असतं तर गाडी त्यांच्यापैकीच एकाला चालवायला दिली असती.

सकाळच्या खाण्यात तुम्हाला फार मोठा वाव आहे आणि तिकडे कोणाचं लक्ष नसतं. मजुरांच्या ठिय्यावर साडेसहाला तर्री-पोह्याचा ठेला लागतो. मुंबई-पुण्याच्या लोकांना तर्री म्हणजे लाल तेल एवढंच दिसतं, पण तिच्यात अख्खा काळा चणा असतो. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसासाठी पोह्यांवर चणा ही उत्तम जोडी आहे, फक्त चणा ताटलीत पडायला हवा. आम्ही आठ ठेलेवाल्यांची इतवारीतून चण्याची एकत्र खरेदी करून दिली. भावात जे वाचलं त्याच्या बदल्यात एकच अट घातली: पळीऐवजी झारा वापरायचा. पळीनं तेल आणि रस्सा वर येतो, झाऱ्यानं चणा. एक झारा चणा, मग वरून हवी तेवढी तर्री. आठांपैकी पाच जणांनी पाळलं. एकानं तर "झारेवाले पोहे" अशी पाटीच लावली.

आता कंपन्या. त्यांच्याकडे तुम्ही दान मागायला गेलात म्हणून त्यांनी दान सांगितलं. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांतलं कॅन्टीन हे त्यांचं पहिलं पोषणकार्य, आणि तुमच्या वस्तीतले किती तरी बाप दुपारचं जेवण तिथंच जेवतात. १९४८ च्या कारखाना अधिनियमात २५० हून जास्त कामगार असले तर कॅन्टीनची तरतूद होती. २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ती मर्यादा १०० वर आली. कॅन्टीन असतंच, पण ठेका ताटामागं ठरावीक रुपयांचा, तोही वर्षभरासाठी. तुरीचा भाव चढला की ठेकेदार वरणात पाणी चढवतो. दुसरं करणार काय तो? म्हणून व्यवस्थापनाला सांगा की करारात ताटाची किंमत लिहिताना ताटामागं कोरड्या मालाचं वजनही लिहा आणि डाळ-तेलाचा भाव दर तीन महिन्यांनी बदलू द्या. शाळेच्या मध्यान्ह भोजनात सहावी ते आठवीच्या मुलामागं ३० ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम भाजी असं शासनाचं माप आहे. आठ तास यंत्रावर उभ्या असणाऱ्या माणसाच्या करारात मी असं माप क्वचितच पाहिलं. तपासणी करायची तर वरण चाखत बसू नका. कोठीची नोंदवही आणि ताटांची संख्या समोर ठेवून भागाकार करा.

सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं कायद्यानं समाजकामाला द्यायचा, पैसा कॅन्टीनला लावता येत नाही, हे लक्षात ठेवा. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च त्यात धरत नाहीत, कंपनीचा नेहमीचा धंदाही धरत नाहीत. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ५०० कोटी निव्वळ मूल्य, १००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नफा यांतलं एक जरी लागू असलेल्या कंपनीनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करायचे. भूक आणि कुपोषण त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे या पैशात बसणाऱ्या कामांच्या यादीत, पहिल्याच ओळीत आहे. मार्चमध्ये किट का सुचतात? कारण वर्ष संपत असतं. पण २०२१ च्या बदलांनंतर 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झालेल्या कामाचा न खर्चलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवून पुढच्या तीन वर्षांत वापरता येतो. म्हणून तुम्ही ऑगस्ट-सप्टेंबरात जा आणि तीन वर्षांचा चालू प्रकल्प मागा. त्यात मागायचं काय? किट मुळीच नको. परत येणाऱ्या मालाचा निधी, खंड्याची पोती रोखीनं उचलायचं खेळतं भांडवल, प्रयोगशाळेची फी, एका माणसाचा पगार. त्यांच्या सादरीकरणासाठी आकडे लागतील ते घ्या: पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी आणि २५.६ टक्के उंचीच्या मानानं हडकुळी होती. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय होता. हे आकडे दुकानदाराला मात्र सांगू नका.

खेळत्या भांडवलावर मी एवढा जोर देते, कारण चांगल्या योजना तिथंच अडखळताना पाहिल्या आहेत. २६ जानेवारी २०२० ला सुरू झालेली शिवभोजन थाळी घ्या. रचना चांगली होती: शहरात ताटाची किंमत ५० रुपये धरली, त्यातले १० ग्राहकाचे, ४० शासनाचे, आणि केंद्र चालवणारा एखादा खानावळवाला किंवा बचत गट. पण खानावळवाल्याला भाजी रोज रोखीनं घ्यावी लागते आणि चाळीस रुपये यायचे ते बिल मंजूर झाल्यावर. ज्याच्याकडे दोन-तीन महिने तग धरायला पैसा आहे तोच टिकणार. बचत गटातल्या बायकांकडे तेवढा नसतो. त्याआधीची १९९५ ची एक रुपयातली झुणका-भाकर आठवते का? तिथंही एक रुपया ठरवणं सोपं होतं, एक रुपयात रोज भाकर भाजणं अवघड.

आणि किंमत वाढवायची वेळ आली तर बांगलादेशातली गोष्ट आठवा. तिथली 'ग्रामीण' ही संस्था आणि दानोन ही फ्रेंच कंपनी यांनी २००६-०७ मध्ये बोगरा इथं मुलांसाठी पोषणद्रव्यं घातलेलं 'शक्ती दोई' नावाचं दही काढलं, ८० ग्रॅमची वाटी ५ टाकाला. २००८ मध्ये दूध महागलं, किंमत ८ टाका केली आणि खेड्यातली विक्री कोसळली. मग वाटी ६० ग्रॅमची करून किंमत ६ वर आणावी लागली. आपल्याकडचं पाच आणि दहाचं नाणंही तसंच हट्टी आहे. माप थोडं कमी करा, पण नाण्याला हात लावू नका.

कोणाला सोबत घ्यायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत लिहून ठेवा. पैसा समोर आल्यावर ते लिहिणं जमत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांचं तयार अन्न किंवा दूधभुकटी विकणाऱ्या कंपनीचा एक रुपयाही नको. १९९२ चा कायदा अशा मालाच्या जाहिरातीला आणि आरोग्यसेवकांना दिल्या जाणाऱ्या प्रलोभनांना बंदी घालतो, आणि तुमच्या अंगणवाडीताईला त्या भानगडीत अडकवू नका. शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांत जादा साखर-मीठ-चरबीचे पदार्थ विकायला २०२० च्या नियमांनी मनाई आहे. तरी अशाच पदार्थांची एक कंपनी आम्हाला शाळेसाठी पाण्याच्या टाक्या द्यायला निघाली होती, टाकीवर तिच्या थंड पेयाचं चित्र. नाही म्हणालो. मुख्याध्यापक वर्षभर माझ्याशी नीट बोलले नाहीत.

मोजमाप कसं करायचं, हे पुढं कोणी तरी विचारेलच. लाभार्थ्यांचे फोटो आणि सह्या यांत जीव नाही. दुकानदाराशी सूत जमलं की त्याची उधारीची वही मागा. नावं झाका आणि फक्त दर आठवड्याला किती माप डाळ, किती अंडी गेली ते उतरवून घ्या. त्या वहीत कोणी खोटं लिहीत नाही, कारण त्यात त्याचेच पैसे अडकलेले असतात. आमच्या दोन दुकानांत सणाच्या आठवड्यात डाळ कमी झालेली दिसली, तेव्हा कळलं की घरचा पैसा तेलाकडे वळला होता. असं कुठल्या सर्वेक्षणात सापडलं नसतं.

तुमच्या चार वस्त्यांसाठी मी एकच सुचवीन: चारही एकदम घेऊ नका. एक वस्ती, तिच्यातली तीन दुकानं, एक डाळ गिरणी. नवी तूर साधारण जानेवारीपासून कळमन्यात येऊ लागते आणि गिरण्या जोरात चालतात तेव्हा खंडाही भरपूर निघतो. त्याआधीच एकदा चिखली ले-आउटला जाऊन या. सकाळी अकराच्या सुमारास जा, त्याआधी गाड्या भरायची धावपळ असते. सोबत तक्ता नको, एक चाळणी आणि थोडी रोख असू द्या. मालक भेटला नाही तर हरकत नाही, मुनीमजींशी बोला. खंडा कोणत्या वारी उचलला जातो आणि ढेपवाल्याची किती उधारी थकली आहे, हे त्यांनाच ठाऊक असतं.